जिथवर आत सोडलं, तिथवर

बावीस मिनिटांची फिल्म करायला आम्हाला जवळपास आठ महिने लागले. त्यातले पहिले पाच महिने तर कॅमेऱ्याला हातही लागला नव्हता. एम.ए. जनसंवादच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट म्हणून आम्ही चौघांनी ‘सरकारी शाळा आणि खाजगी शाळा’ हा विषय घेतला होता. आता पुढच्या बॅचच्या पोरींचे फोन येऊन राहिले आहेत: ताई, परवानगी कशी काढली, पालकांचं काय केलं, पैसे किती लागले. प्रत्येकीला तासभर सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते.

शाळांची नावं इथे सापडणार नाहीत, तसं आम्ही लेखी दिलं आहे. कोणत्या कार्यालयाचे उंबरे झिजवले तेही लिहीत नाही. नागपुरात कार्यालय कळलं की शाळा हुडकायला कोणाला फार वेळ लागत नाही.

५ ऑगस्ट २०२४ ला विषय मांडला. आमच्या मार्गदर्शक मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, “खाजगी म्हणजे कोणती?” मी म्हटलं, खाजगी म्हणजे खाजगी, कॉन्व्हेंट. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे गल्लीत दोन खोल्यांत नर्सरी उघडली तरी पाटीवर ‘कॉन्व्हेंट’ लागतं. त्यासाठी नन असावी लागत नाही. मॅडम म्हणाल्या, “तू स्वतः कोणत्या शाळेत शिकलीस?” मी शिकले एका शिक्षण संस्थेच्या मराठी शाळेत. गेटवर संस्थेचं नाव, वर्गात संस्थापकांचा फोटो, म्हणून मी आयुष्यभर तिला खाजगीच समजत आले. पण शिक्षकांचा पगार सरकार देत होतं. ती अनुदानित शाळा. म्हणजे जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळा एकीकडे, विनाअनुदानित आणि २०१२ च्या कायद्यानंतर आलेल्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा दुसरीकडे, आणि मधे अनुदानितांचा हा मोठा पट्टा. शहरातल्या कितीतरी जुन्या मराठी शाळा याच पट्ट्यात आहेत. आमच्या दोन शाळांच्या तीन शाळा झाल्या त्या पहिल्याच बैठकीत.

घरच्या अभ्यासाला दोन आठवडे दिले, ते सत्कारणी लागले. देशातल्या प्रत्येक शाळेला अकरा आकडी यू-डायस क्रमांक असतो. तो टाकला की त्या शाळेचा पट, शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं, सगळं इंटरनेटवर फुकट दिसतं. शाळेत पाय ठेवण्याआधी हे वाचून जा. मुख्याध्यापकांना “तुमच्याकडे मुलं किती?” असं विचारण्यापेक्षा “पट तीन वर्षांत इतका कसा उतरला?” असं विचारलं की ते खुर्ची पुढे ओढून बसतात. दुसरं म्हणजे मुलांना वाचता येतं का, गणित येतं का हे पाहणारा ‘असर’चा अहवाल. त्यातले आकडे जो-तो तोंडावर फेकतो, पण ते सर्वेक्षण ग्रामीण भागातल्या घरांत होतं. नागपूर शहरातल्या शाळेबद्दल बोलताना ते आकडे चिकटवू नका. आम्ही पहिल्या स्क्रिप्टमध्ये चिकटवले होते आणि मॅडमनी लाल शाईने खोडले.

माहितीच्या अधिकारातही एक अर्ज टाकला. ‘जोडपत्र अ’चा नमुना, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, आणि महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय, तोही दीडशे शब्दांत. मी सात प्रश्न लिहून नेले होते. स्टॅम्प विकणाऱ्या काकांनीच वाचून सांगितलं, “बेटा, हे सात अर्ज आहेत.” २१ ऑगस्टला अर्ज दिला. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, म्हणून ३ ऑक्टोबरला वीस रुपयांचं स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं. अपील केल्यावर फाइल हलली. नोव्हेंबरात पत्र आलं की तेवीस पानं आहेत, पानाला दोन रुपये, शेहेचाळीस भरा. भरले. कागद हातात आले तेव्हा जानेवारी लागला होता. तुमचा प्रोजेक्ट आठ महिन्यांचा असेल तर आरटीआय पहिल्या आठवड्यात टाका आणि विसरून जा.

आता परवानगी. सरळ हिशोब असा: शाळा महापालिकेची असेल तर महापालिकेचा शिक्षण विभाग, जिल्हा परिषदेची असेल तर शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि खाली गटशिक्षणाधिकारी, खाजगी असेल तर संस्था. मुख्याध्यापक कितीही चांगले असोत, त्यांच्या तोंडी ‘या’ म्हणण्यावर कॅमेरा घेऊन जाऊ नका. उद्या काही झालं तर स्पष्टीकरण त्यांना द्यावं लागतं.

१२ ऑगस्टला अर्ज दिला. कॉलेजचं पत्र, चौघांची ओळखपत्रं, एक पानाचा आशय, आणि फिल्म फक्त शैक्षणिक कामासाठी वापरू असं हमीपत्र. आवक-जावकच्या टेबलावर दोन प्रती द्यायच्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा. ही पोच जपा. पुढे चार महिने त्या कार्यालयात मला नावाने कोणी ओळखलं नाही, आवक क्रमांकाने ओळखलं.

आठवडाभरात फाइल होईल असं वाटत होतं. मधे बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याची घटना उघडकीला आली. २० ऑगस्टला तिथे लोक रेल्वे रुळांवर उतरले, दुसऱ्याच दिवशी शाळांमध्ये सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांच्या पडताळणीबद्दल शासन निर्णय निघाला. त्यानंतर कॅमेरा घेऊन शाळेत येणाऱ्या चार अनोळखी पोट्ट्यांकडे कोणी वेगळ्या नजरेने पाहिलं तर त्यात काही चूक नव्हती. आमची फाइल परत आली: चौघांची पोलीस चारित्र्य पडताळणी जोडा. ती ऑनलाइन अर्ज करून मिळते, पण नंतर पोलीस ठाण्यात बोलावतात आणि पत्त्याचा पुरावा तपासतात. आमचा साउंडवाला भाड्याच्या खोलीत राहतो, त्याच्याकडे भाडेकरारच नव्हता. घरमालकांना पटवण्यात दहा दिवस गेले. तेव्हा राग आला होता. नंतर वर्गात पोरं गळ्यात पडायला लागली तेव्हा वाटलं, बरं झालं कागद केले. मी पालक असते तर मीही मागितले असते.

सप्टेंबर तर सणांचाच. २ तारखेला पोळा, ३ ला तान्हा पोळा आणि मारबत, म्हणजे पुतळ्यांची मोठी मिरवणूक, ७ ला गणपती. मारबतीच्या दिवशी महाल-इतवारीकडे कोणतंही काम निघत नाही हे नागपूरकराला सांगावं लागत नाही. मी मात्र त्या दिवशी कार्यालयात गेले. कुलूप पाहिलं आणि परत येताना पिवळी मारबत पाहून आले. पाचव्या फेरीत साहेब व्हीसीत, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये होते, सहाव्या फेरीत टेबलावरचे बाबू निवडणुकीच्या प्रशिक्षणाला. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि बाबूंनी सरळ सांगितलं, “मॅडम, आता २३ नोव्हेंबरनंतरच या.” शिक्षकांपैकी कोणी बीएलओ म्हणून मतदार यादीच्या कामात, कोणी मतदान अधिकारी, शाळेत मतदान केंद्र. त्या महिन्यात परवानगी मिळाली असती तरी चित्रित करायला वर्गात शिक्षक किती सापडले असते हा प्रश्नच होता. पुढे हाच मुद्दा फिल्ममध्ये दीड मिनिट आला, तेव्हा वाया गेलेल्या फेऱ्या अगदीच वाया गेल्या नाहीत.

२८ नोव्हेंबरला पत्र मिळालं. एक पान, सहा अटी. पोषण आहार शिजवण्याच्या जागेत जायचं नाही, मुलांच्या मुलाखती शिक्षकांसमोर, पालकांची लेखी संमती, असं सगळं. मी ते पत्र घेऊन खाली आले आणि एकटीनेच तर्री पोहे खाल्ले, दोन प्लेट.

खाजगी शाळांचं वेगळंच. तिथे आवक क्रमांक नाही, फक्त ई-मेल. पाच शाळांना लिहिलं. दोघांचं उत्तर आलं नाही. दोघांनी अतिशय गोड इंग्रजीत नकार दिला. एका शाळेने बोलावलं, दहा मिनिटांत होकार दिला, चहा-बिस्किटं दिली आणि वर विचारलं, “ड्रोन आणणार का?” विमानतळ, रेशीमबाग, दीक्षाभूमी असलेल्या शहरात विद्यार्थ्यांनी ड्रोनच्या भानगडीत पडू नये, एवढंच म्हणते.

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. माझे बाबा गेली सतरा वर्षं स्कूल व्हॅन चालवतात. मला वाटलं होतं, ज्या शाळेची पोरं ते नेतात तिथे ओळखीने काम होईल. बाबा म्हणाले, “माझ्या शाळेत नको. तुझी फिल्म होऊन जाईन, मला तिथं रोज उभं राहावं लागते.” विषय संपला. पण सकाळची ट्रिप टाकून झाली की साडेआठ ते अकरा व्हॅन आमची. पहिली ते चौथीच्या शाळा नऊनंतर भरवा असा निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये आला तेव्हापासून बाबांच्या ट्रिपांचं गणित बिघडलं आहे, त्यावर ते कोणालाही अर्धा तास ऐकवू शकतात. आम्हीही ऐकलं, पेट्रोल आमचं असल्यामुळे.

डिसेंबरात सुरू करायचं ठरलं होतं. १६ ते २१ हिवाळी अधिवेशन. मोर्चे, बंदोबस्त, आणि भाड्याच्या दुकानात चांगला कॅमेरा शिल्लक नाही. नागपुरात डिसेंबरचा तिसरा आठवडा शूटिंगसाठी धरूच नका.

शेवटी २ जानेवारी २०२५ ला सरकारी शाळेत पहिला शॉट घेतला. शहराच्या कडेला असलेली शाळा, चार वर्ग, दोन शिक्षक. पालकांच्या संमतीचे अर्ज आधीच्या आठवड्यात वाटले होते, मराठीत आणि हिंदीत, कारण वस्तीत छत्तीसगडहून आलेली कुटुंबं बरीच आहेत. अडतीस दिले, एकतीस परत आले. काहींवर अंगठा. बाईंनी सांगितलं होतं की नुसता कागद पाठवू नका, सुटीच्या वेळी गेटवर उभं राहून समजावून सांगा. एका आजीने विचारलं, “फोटो काढून पैसे देता का घेता?” दोन्ही नाही म्हटल्यावर तिने लगेच अंगठा दिला.

उरलेल्या सात मुलांचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येकाला येणार. त्यांना दुसऱ्या वर्गात बसवलं तर त्यांना शिक्षा झाल्यासारखं वाटतं. आम्ही त्यांना कॅमेऱ्याच्या मागे घेतलं. एकाकडे क्लॅपची पाटी, एका मुलीकडे हेडफोन, एक जण दार सांभाळणार. दुसऱ्या दिवशी बाकीचे एकतीस जण रडकुंडीला आले की आम्हालाही मागे घ्या.

दुसरा दिवस ३ जानेवारी. सावित्रीबाई फुलेंची जयंती आहे, बालिका दिन आहे, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात नव्हतं. शाळेत गेलो तर अर्ध्या मुली नऊवारीत, कपाळावर आडवी चिरी, हातात पुस्तक. फार सुंदर दृश्यं मिळाली आणि त्यातलं एकही वापरता आलं नाही, कारण आम्हाला रोजचा दिवस हवा होता. तारीख ठरवताना शाळेचं कॅलेंडर समोर ठेवा.

तांत्रिक चुका दोन केल्या. पहिल्या दिवशी शटर चुकीचं ठेवलं आणि ट्यूबलाइटचे काळे पट्टे सगळ्या फळ्यावर फिरले. आपल्याकडे वीज पन्नास हर्ट्झची, तेव्हा शटर एक पन्नासांश किंवा एक शतांश ठेवायचं. दुसरी चूक आवाजाची. जानेवारीत पंखे बंद असतात म्हणून आम्ही खूश होतो, पण शाळेमागे पिठाची गिरणी आहे आणि ती बरोबर परिपाठ संपला की सुरू होते. कॉलर माईक असल्याशिवाय वर्गात जाऊ नका.

अपार आयडीचं, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला ओळख क्रमांक द्यायचं काम तेव्हा जोरात होतं. शिक्षकांपैकी एक जण सकाळपासून मोबाइलवर मुलांची नावं आधारशी जुळवत बसलेले. ‘साहिल’च्या आधारावर ‘साहील’. सर म्हणाले, “हे चित्रित करा ना जी. दीर्घ ई मुळे माझा गणिताचा तास गेला.” आम्ही केलं.

तिसऱ्या दिवशी तो शॉट मिळाला, ज्यावरून आमची भांडणं झाली. चौथीतला एक मुलगा दुसरीचं पुस्तक वाचत होता आणि एका ओळीवर अडला. बोट त्या शब्दावर, ओठ हलतात, आवाज येत नाही. पंचवीस सेकंद. खिडकीतून उजेड बरोबर गालावर. आमच्या कॅमेरावाल्याने श्वास रोखून घेतला होता तो शॉट. संध्याकाळी लॅपटॉपवर पाहिला तेव्हा चौघंही गप्प झालो. हीच फिल्म आहे असं त्याचं म्हणणं होतं, आणि तेव्हा माझंही.

मग १७ आणि २० जानेवारीला खाजगी शाळेत गेलो. अकरा ते एक वेळ दिलेली. एक समन्वयक मॅडम सतत बरोबर. स्मार्ट बोर्ड असलेला वर्ग, रोबोटिक्स लॅब, वाचनालय. मुलं निवडून बसवलेली, प्रत्येकाला एकेक इंग्रजी वाक्य पाठ. एक मुलगा आपलं वाक्य झकास म्हणून गेला आणि मग माईक काढताना हळूच म्हणाला, “दीदी, हे टीव्हीवर कधी येऊन राहिलं?” त्या दोन दिवसांतला हा एकच खरा आवाज. मी विचारलं, चौथीचा साधा वर्ग पाहता येईल का, भाषेचा तास. मॅडम हसून म्हणाल्या, “परीक्षा जवळ आहेत.” कॅमेरा बंद झाल्यावर एका शिक्षिकेने पार्किंगमध्ये आम्हाला गाठून काही सांगितलं. ते फिल्ममध्ये नाही आणि इथेही लिहीत नाही.

शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळेत गरीब-वंचित मुलांसाठी राखलेल्या पंचवीस टक्के मोफत जागांवरची मुलं कोणती, हे शाळेने सांगितलं नाही, आणि ते बरोबरच केलं. अशी एक आई आम्हाला वस्तीतून भेटली. फी लागत नाही, पण बूट, सहल, स्नेहसंमेलनाचा ड्रेस. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या जागांतून सूट दिली होती. १९ जुलैला उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. तिच्या धाकट्याचा नंबर त्या साली लागायचा होता. “कोर्टाचं आम्हाले मोबाइलवरच समजलं,” ती म्हणाली, “तोवर जून गेला ना सगळा.” चेहरा दाखवायचा नाही म्हणाली. आम्ही हात चित्रित केले, ती मेथी निवडत होती.

घरी येऊन दोन्ही शाळांचं फुटेज शेजारी शेजारी लावलं तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. एकीकडे अडखळणारा मुलगा, दुसरीकडे रोबोट. बघणारा काय म्हणेल? सरकारी शाळेत मुलांना वाचता येत नाही, खाजगीत रोबोट बनवतात. पण खाजगी शाळेत कोणी अडखळत नाही हे आम्हाला कुठे माहीत होतं? तिथे अडखळणाऱ्या मुलाजवळ आम्हाला जाऊच दिलं नव्हतं. सरकारी शाळेने चार महिने फाइल फिरवली, पण एकदा पत्र दिलं आणि मग अटींत बसेल ते सगळं उघडं केलं: गळकं छप्पर, रिकामं ग्रंथालयाचं कपाट, अपारचा गोंधळ. खाजगीने दहा मिनिटांत होकार दिला आणि तीन खोल्या दाखवल्या. आमच्या फुटेजमध्ये जो फरक दिसत होता तो अर्धा शाळांचा होता आणि अर्धा दारांचा.

दोन रात्री वाद चालला. कॅमेरावाला म्हणाला, तो शॉट काढलास तर माझं नाव काढ. एडिटर म्हणाला, मुलाच्या आईची संमती आहे. होती, सही होती. पण तिने सही केली होती ‘शाळेवरची फिल्म’ यावर, ‘माझ्या पोराला वाचता येत नाही’ यावर नाही. मॅडमचं मत शॉट ठेवावा असं होतं, तरी त्यांनी आमच्यावर सोडलं. शेवटी काढला. कॅमेरावाला आठ दिवस बोलला नाही. शॉट अजून हार्ड डिस्कवर आहे. मी बरोबर केलं का, याची मला आजही शंभर टक्के खात्री नाही.

मग फिल्मचा आराखडाच बदलला. तिन्ही शाळांत सारखं जे पाहता येईल तेवढंच ठेवायचं: गेट उघडणं, पहिला तास, मधली सुट्टी, शाळा सुटणं. आणि जिथे आम्हाला जाऊ दिलं नाही तिथे काळा पडदा आणि एक ओळ: ‘इथे आम्हाला परवानगी नव्हती.’ सरकारी शाळेच्या भागात ही ओळ एकदा येते, स्वयंपाकघराच्या दाराशी. खाजगीच्या भागात पाच वेळा.

शाळा सुटण्याची कल्पना बाबांची. व्हॅनमध्ये सहज म्हणाले, “शाळा कशी आहे ते आत जाऊन कायले पायतेस? सुटल्यावर पोट्टे गेटातून कसे निघतात ते पाय.” २८ जानेवारीला तेवढ्यासाठी एक दिवस फिरलो. तिन्हीकडे पोरं सारखीच धावत निघाली.

तिसरी, अनुदानित शाळा २४ जानेवारीला एका दिवसात उरकली, आणि तीच सगळ्यात मोकळी निघाली. शहराच्या मध्यात, उंच छताचे वर्ग, पंचवीस बाकांवर अकरा मुलं. मुख्याध्यापक म्हणाले, “पगार सरकारचा, भिंती संस्थेच्या, पोरं कोणाचीच नाहीत.” उन्हाळ्यात शिक्षक दारोदार फिरून विद्यार्थी शोधतात, पट टिकला नाही तर पदं जातात. एका सरांनी चार मुलांच्या ऑटोचे पैसे खिशातून भरल्याचं सांगितलं, तेही लाजत लाजत, जणू काही गुन्हा कबूल करताहेत. माझी शाळा अशीच होती. आमच्या वेळी वर्गात साठ जण होतो. इथे मी जरा जास्त वेळ कॅमेरा चालू ठेवला हे मान्य करते.

फेब्रुवारी-मार्च एडिटिंग. सॉफ्टवेअर फुकटचंच वापरलं. एक गोष्ट शिकलो: प्रत्येक दृश्यावर महिना आणि वर्ष टाका. आम्ही चित्रित केलेलं डोळ्यांदेखत जुनं होत होतं. मुलांच्या अंगावरचे ढगळ गणवेश ‘एक राज्य एक गणवेश’ योजनेतले होते. पुढच्या वर्षापासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे देण्याचा निर्णय डिसेंबरातच झाला होता, आम्हाला उशिरा कळलं. बालभारतीच्या पुस्तकांतली कोरी पानं, ज्यावर एका मुलीने बैल काढला होता, ती बंद करण्याचं जानेवारीत ठरलं. पोषण आहारात अंडं मिळण्याचा दिवस आम्ही घेतला होता, तर महिना संपायच्या आत अंड्याचा शासकीय निधी थांबला. महिना लिहिला नसता तर आमच्या फिल्ममधलं अर्धं खोटं ठरलं असतं.

१७ मार्चला शहरात दंगल झाली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. काही भागांत संचारबंदी लागली, आणि आमचा एडिटर नेमका त्यातल्या एका भागात राहतो. आम्ही शहाण्यासारख्या दोन हार्ड डिस्क घेतल्या होत्या आणि वेड्यासारख्या दोन्ही त्याच्याच कपाटात ठेवल्या होत्या. जमा करायची तारीख २० होती. कॉलेजने आठवडा वाढवून दिला म्हणून वाचलो. दोन कॉपी म्हणजे दोन घरं, आणि शक्यतो शहराची दोन टोकं.

पैशाचं सांगायचं राहिलं. कॅमेरा आणि दोन लेन्सचं भाडं दिवसाला पंधराशे, सात दिवसांचे १०,५००. अर्ध्या दिवसालाही पूर्ण भाडं लागतं. कॉलर माईकचा जोड ३,८०० ला विकत घेतला, कारण भाड्याचे दोनदा बंद पडले. हार्ड डिस्क ८,८००. पेट्रोल २,१००. झेरॉक्स, प्रिंट, स्टॅम्प मिळून ७३०. सरकारी शाळेत शेवटच्या दिवशी मुलांना संत्री नेली, ६००. एकूण २६,५३०, चौघांत वाटून प्रत्येकी साडेसहा हजारांच्या थोडं वर. माईक आता विकायचा आहे, कोणाला हवा असेल तर कॉलेजात विचारा.

तिन्ही शाळांना फिल्म पाठवली. खाजगी शाळेचं उत्तर अजून नाही. अनुदानित शाळेच्या मुख्याध्यापकांनी फोन करून विचारलं की एप्रिलमध्ये पालकांना दाखवली तर चालेल का, दोन-चार प्रवेश मिळतील. मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर आठवलं की त्यांच्या रिकाम्या बाकांचा शॉट चांगला चाळीस सेकंदांचा आहे.

४ एप्रिलला सरकारी शाळेत दाखवली. उन्हामुळे सकाळची शाळा, खिडक्यांना पोती बांधून अंधार केला होता. स्वतःला पाहून मुलं इतकी ओरडत होती की पहिली दहा मिनिटं कोणालाच काही ऐकू आलं नाही. शेवटी श्रेयनामावली लागली. कॅमेऱ्यामागच्या सातपैकी चौघांच्या घरच्यांनी नाव द्यायला परवानगी दिली होती, त्यांची नावं ‘क्लॅप’ म्हणून आली. मग ते चौघं उठून उभे राहिले आणि पुन्हा लावा, पुन्हा लावा सुरू झालं. फिल्म नाही, फक्त नावं. आम्ही तीनदा लावली. चौथ्यांदा मागे नेत होतो तेवढ्यात खिचडीवाल्या मावशी दारात आल्या आणि म्हणाल्या, “बाई, बंद करा ना जी आता. खिचडी निवून राहिली.”